पोरांचं वजन आणि सकाळची सातची शाळा

पुण्याजवळच्या खडकवासल्यात पोरांच्या तब्येतीचा विषय निघाला की मापाला घेतलं जातं ते भिंतीपलीकडचं पोरगं. १९४९ साली इथं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, पायाभरणी झाली, १९५५ मध्ये ती रीतसर सुरू झाली. तेव्हापासून गावाच्या तीन पिढ्यांनी मिसरूड फुटलेली, ताठ मानेची, पोट आत असलेली पोरं पाहिली आहेत. सोफ्यावर मोबाइल घेऊन लोळणारं स्वतःच्या घरचं पोरगं त्या मापात कुठून बसणार?

आमचे मामा याच मापानं मोजतात. ते शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते पोलीस आणि लष्कर भरतीच्या मुलामुलींचा सराव घेतात. माझी मावसबहीण आहारतज्ज्ञ आहे, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. शाळाशाळांतून मुलांची उंची-वजनं घेणं आणि काल काय खाल्लंस हे खोदून विचारणं हा तिचा धंदा. मामा-भाचीचं एकमेकांवर जीव टाकण्याइतकं प्रेम आहे, पण या विषयावर दोघं एकमेकांचं काडीचंही ऐकत नाहीत. खालचं बोलणं मामांच्या ओसरीवरचं. रविवार होता, पाऊस होता, म्हणजे धरणाकाठच्या चौपाटीच्या गर्दीनं रस्ता तुंबलेला होता आणि ताईला शहरात परत जायची घाई करून उपयोग नव्हता.

सुरुवात मामांनी केली. "परवा एका बापानं पोरगं आणलं. वय पंधरा, वजन सत्तर. म्हणतो, सर, याला पोलीस करा. म्हटलं, भरतीला सोळाशे मीटर पळावं लागतं, हा चारशेला बसेल."

"उंची किती होती?" ताईनं विचारलं.

"उंची कुणी बघितली? पोट दिसत होतं की."

"मामा, सहा फुटाला सत्तर किलो ठीक आहे आणि सव्वापाच फुटाला सत्तर म्हणजे काळजी. त्यात हे वय वाढीचं. मोठ्या माणसाची जेवढी उंची असते तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा आणि वजनाचा जवळजवळ निम्मा वाटा या आठ-दहा वर्षांत चढतो. मुली अकरा-बारालाच उंच व्हायला लागतात, मुलगे दोन वर्षं मागून येतात. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला आणि बारा वर्षांच्या मुलीला एकच आकडा लावता येत नाही. वयाचा तक्ता बघावा लागतो."

"तक्ते अमेरिकेचे. आपल्या पोरांना कशाला?"

"आपलेच आहेत. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं २०१५ साली पाच ते अठरा वयासाठी नवे तक्ते काढले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर त्या कामात पुढे होते. बाहेर मोठ्या माणसाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, पंचवीसच्या वर गेला की त्याला जास्त वजनाचा म्हणतात, तीसच्या वर स्थूल. आपल्या तक्त्यांनी मुलांसाठीच्या रेघा तेवीस आणि सत्तावीसला जुळतील अशा खाली आणल्या."

"का? आपण काय पाप केलंय?"

इथं ताईचा आवडता विषय लागला. मी तो अनेकदा ऐकला आहे, तरी दर वेळी थोडा हादरा बसतोच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघंही सडसडीत. शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. आकड्यात दोघं बरोबरीचे आणि कातडीखाली दुपटीहून जास्त फरक.

"म्हणजे आता बारीक माणूसही जाडा?" मामा हसले. "तुमच्या शास्त्रात सुटका नाहीच कुणाची."

"हसू नका. याज्ञिक डॉक्टरांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांपासून अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, बारीक बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांची हाडं बारीक, मांस कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानानं टिकून. पुढे तीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा साखर तपासली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर असायला हवी त्यापेक्षा वर होती. त्यांतले कितीतरी अंगानं रोडके. सोसायटीतली, एसीतली पोरं नव्हेत मामा, गावातली."

मामा थोडा वेळ गप्प बसले. गावातली म्हटल्यावर त्यांना लागलं असावं. पण गप्प राहिले म्हणजे पटलं, असं आमच्या मामांच्या बाबतीत धरून चालत नाही.

"मग माझंच खरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस अंगात चरबी जास्त, मांस कमी. मांस कशानं येतं? पळून, दंड काढून, ओझं उचलून. डबा बदलून येत नाही. आमच्या वेळी धरणाच्या पाण्यात पोहायचो, गुरांमागं फिरायचो, सिंहगडाला महिन्यातून दोनदा पाय लागायचे. खायला काय होतं? भाकरी, चटणी, उन्हाळ्यात कांदा. एकाचंही पोट सुटलं नाही."

"एकाचीही उंची वाढायची राहिली नाही, असं सांगता येईल का?"

"वाढली नाही तर नाही! बुटकी पण काटक होती."

हा डाव कुणाचा झाला हे मला ठरवता आलं नाही. मामांची काटक पिढी खरी आहे. पण ज्यांचं नाव आज कुणी काढत नाही, जी पोरं वारंवार आजारी पडत राहिली, ज्यांना त्या भाकरीनं पुरं पडलं नाही, ती या आठवणीत नसतात. आठवण सांगायला जे उरतात ते काटकच असतात.

ताईनं मग एका मुलीचा दिवस सांगितला. नाव-गाव सोडून. नववीतली, या पट्ट्यातलीच. साडेपाचला उठते. चहा आणि त्यात बुडवून दोन खारी. सव्वासहाला घराबाहेर, कारण शाळा सातची आणि बस मिळेल तेव्हा मिळते. पावणेदहाच्या मधल्या सुट्टीत डबा. चपाती आणि कोरडी बटाट्याची भाजी, चार तासांत गार होऊन चामट झालेली. एक चपाती खाते, दुसरी परत येते किंवा मैत्रिणीच्या डब्यातल्या कुरकुऱ्यांशी बदलली जाते. दीडला घरी, तेव्हा पोटभर भात आणि आमटी, आमटीत डाळ खाली बसलेली, वरचं पाणी ताटात. चार ते सात क्लास. क्लासखाली वडापाव, नाहीतर दहा रुपयांचं वेफर्सचं पाकीट आणि दहाची कोल्ड्रिंकची बाटली. आई कामावरून आठला येते. जेवण साडेनऊला, टीव्हीसमोर. मग अकरा-साडेअकरापर्यंत मोबाइल, म्हणजे झोप सहा तासांची.

"उंची १५० सेंटिमीटर, वजन ३८," ताई म्हणाली. "तक्त्यात व्यवस्थित बसते. तिच्याच बाकावरची मैत्रीण, उंची तीच, वजन ६१. तिचा दिवस विचारला. घड्याळ लावून तोच दिवस. तीच बस, तोच गार डबा, तोच वडापाव, तेच साडेनऊ."

मामांनी लगेच पकडलं. जुने मास्तर आहेत, उत्तरपत्रिकेतली चूक त्यांना लांबून दिसते. "मग तुझ्या वेळापत्रकाचा संबंध काय? दिवस एक, पोरी दोन. एक बारीक, एक जाड. याचा अर्थ खाण्याच्या वेळेनं काही ठरत नाही."

"वजन ठरत नाही, एवढंच म्हणा. वजन किती होईल यात आईबापाची ठेवण आहे, पोटात असताना काय मिळालं ते आहे, खिशात दहा रुपये असतात की तीस ते आहे, पाळी कधी आली ते आहे. पण मी दोघींना विचारलं, काल हिरवी भाजी? नाही. फळ? नाही. दूध? चहात. अंडं? श्रावण आहे. डाळ? ताटात आली ती एवढीशी. काट्यानं दोघींना वेगळ्या रांगेत उभं केलं मामा, ताटानं एकाच. आणि शाळेत आम्ही वजनाची यादी देतो तेव्हा मुख्याध्यापक जाडीच्या आईला बोलावतात आणि बारकीच्या आईला कळवतात की सगळं ठीक आहे."

हे मला महत्त्वाचं वाटलं. वजन मोजणं सोपं असतं म्हणून ते मोजलं जातं, आणि मोजलं गेलं म्हणून तेच महत्त्वाचं ठरतं. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी झाली. दहा ते एकोणीस वयातली २४ टक्के मुलं रोडकी आणि ५ टक्के जास्त वजनाची निघाली. आपण बातम्या वाचतो त्या पाच टक्क्यांच्या, कारण ती आपल्या सोसायटीत राहतात. याच पाहणीत २८ टक्के किशोरवयीनांच्या अंगात रक्त कमी होतं, आणि ते कमी रक्त बारीक-जाड बघून येत नाही.

"बरं, नाश्ता," मामांनी पुढचा पत्ता टाकला. "तुम्ही लोक सांगता, सकाळी खा म्हणजे वजन उतरतं. मी चाळीस वर्षं सकाळी फक्त चहा घेतो. बघ."

"मी असं सांगत नाही. जे सांगतात ते चूक सांगतात."

मामा सावध झाले. एवढ्या लवकर कबुली त्यांना अपेक्षित नव्हती.

"जगभर पाहण्या झाल्या, त्यात नाश्ता टाळणारी मुलं जास्त वजनाची दिसतात हे खरं आहे. पण जी टाळतात तीच उशिरा झोपतात, तीच बाहेर खातात, तीच कमी खेळतात. मग दोष नाश्त्याला द्यायचा की जागरणाला? मोठ्या माणसांवर तेरा चाचण्या झाल्या होत्या, चिठ्ठ्या टाकून काहींना नाश्ता दिला आणि काहींना नाही. २०१९ मध्ये कुणीतरी त्या सगळ्या एकत्र तपासल्या. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला अडीचशेहून जास्त कॅलरी अधिक गेल्या आणि वजन किंचित जास्तच भरलं. तेव्हा चाळिशीच्या माणसाला वजन उतरवायला पोहे खा असं मी सांगणार नाही."

"झालं तर मग! सोड पोरांना."

"चौदा वर्षांच्या पोराला वजन उतरवायचं नसतं मामा, वाढायचं असतं. त्या चाचण्या पोरांवरच्या नाहीत. पोरगं साडेनऊला जेवलं आणि दुसऱ्या दिवशी पावणेदहाला अर्धा डबा खाल्ला, म्हणजे वाढीच्या वयात बारा तास दोन खारींवर. त्यातले अडीच तास गणित आणि विज्ञान. तुमच्याकडं सरावाला सहाला येणारं पोरगं तर काहीही न खाता सोळाशे मीटर पळतं. मग म्हणता, डोळ्यांपुढं अंधारी आली, दम नाही आजकालच्या पोरांत."

तेवढ्यात मामीनं भजी आणली. कांद्याची, कडेनं काळपट झालेली, पावसात जशी लागतात तशी. ताईनं चार खाल्ली हे नमूद करतो.

भजीवरून बोलणं चौपाटीवर गेलं, आणि इथं पहिल्यांदा मामांचा आवाज चढला. बाहेरच्याला खडकवासला चौपाटी म्हणजे मक्याचं कणीस, कैरी, उकडलेल्या शेंगा, शनिवार-रविवारची मजा. आमच्या नात्यातल्या दोन घरांच्या तिथं गाड्या आहेत. शहरातून लोक खायला येतात तेव्हा गाडीवाल्याचं घर बंद असतं. आई तळते, बाप पैसे घेतो, मोठी पोरगी प्लेटा देते. त्या घरात शनिवार-रविवारी रात्री चूल पेटत नाही. उरलेली भजी, उरलेली कणसं, पाव, हेच जेवण.

"त्या गाडीनं दोन पोरांची कॉलेजची फी भरली," मामा म्हणाले. "तू जंक फूड म्हणून नाक मुरडू नको."

"मी गाडीला कुठं नाव ठेवलं? कणीस भाजून खाण्यात वाईट काही नाही, शेंगा तर मी लिहून देईन. मी त्या घरातल्या रात्रीबद्दल बोलतेय."

"कायदा आहे म्हणे, शाळेजवळ विकायचं नाही."

"आहे. २०२० सालचा. जास्त साखर, मीठ, तेलाचं खाणं शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायचं नाही."

"आणि टेप घेऊन कोण उभं राहणार? एक्कावन्नाव्या मीटरला गाडी लावली की झालं."

ताईलाही हसू आलं. त्या नियमाचं खरंच तसंच होतं. वडापावची गाडी दिसते म्हणून ती हटवता येते. किराणा दुकानात लटकणारी पाकिटांची माळ कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, आणि दहा रुपयांच्या दोनशे मिलीच्या बाटलीत वीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे पोरानं दिवसभरात जेवढी वरची साखर खावी तिचा बहुतेक सगळा कोटा एका बाटलीत संपतो, हे त्या माळेवर कुठंच लिहिलेलं नसतं.

"आपल्याकडं निदान खायला जास्त झालंय," मामा म्हणाले. "आफ्रिकेत बघ. हाडांचे सापळे."

"कुठल्या आफ्रिकेत? देश पन्नासच्या वर आहेत."

मग ती सांगू लागली. जागतिक आरोग्य संघटनेची शाळकरी मुलांची एक पाहणी असते. केनिया, युगांडा, झांबिया, नामिबिया, बोट्स्वाना अशा कितीतरी देशांत ती झाली, आपल्याकडे २००७ मध्ये सीबीएसईच्या शाळांत झाली. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना वर्गात कागद देतात. एक प्रश्न असा असतो की गेल्या तीस दिवसांत घरात पुरेसं अन्न नसल्यामुळे तू किती वेळा उपाशी राहिलास? आणि पुढे काही प्रश्नांनी दुसरा असतो की दिवसातून किती वेळा कोल्ड्रिंक पितोस?

"एकाच कागदावर?" मामांनी विचारलं.

"एकाच कागदावर, आणि कधी कधी एकाच मुलाचं दोन्हीला उत्तर हो असतं. आपल्याकडं सकाळी न खाणाऱ्या पोराला आपण नाश्ता 'टाळला' म्हणतो. काहींनी टाळलेला असतो, काहींना मिळालेला नसतो. त्या कागदानं निदान विचारलं तरी. आपण विचारतच नाही, कारण खडकवासल्यात उपाशी कोण राहतं, असं आपण धरून चालतो. बांधकामाच्या साइटवरच्या पोरांना विचारा."

युनिसेफनं २०२५ च्या सप्टेंबरात एक आकडा जाहीर केला. पाच ते एकोणीस वयाच्या मुलांत जगात पहिल्यांदाच स्थूल मुलं (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाली. दोन प्रदेश अजून याला अपवाद आहेत, सहारा वाळवंटाखालची आफ्रिका आणि दक्षिण आशिया. म्हणजे मामांच्या डोळ्यांपुढचे ते सापळे आणि आपण जगाच्या हिशेबात एकाच ओळीत बसलो आहोत. आफ्रिकेत आणखी एक गोष्ट ठळक दिसते. बऱ्याच देशांत मुलींत जाडी जास्त आणि मुलांत रोडपणा जास्त. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत १९९० साली जन्मलेल्या मुलांच्या मागं संशोधक वर्षानुवर्षं राहिले, तिथंही मुलीच जास्त वजनाच्या निघाल्या. मुली मैदानावरून लवकर घरात जातात. त्यातच एड्सच्या काळात तिथं बारीक होणं म्हणजे आजाराची कुजबुज, त्यामुळे भरलेलं अंग सगळ्यांनाच बरं वाटायचं. आपल्याकडे 'खात्यापित्या घरची' म्हणताना आवाजात कौतुकच असतं की.

"सोवेटोतल्या पोरांचं खाणं ऐका," ताई म्हणाली. "कोटा म्हणतात. पावाचा चतकोर घ्यायचा, मधून कोरायचा, आत बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या, मांसाची चकती, चीज आणि वर अचार. अचारच म्हणतात, आपल्याकडून गेलेला, नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर मजूर गेले त्यांच्याबरोबर."

"म्हणजे पावात बटाटा, वर चटणी." मामांनी समोरच्या बशीकडे बघितलं. "वडापावच झाला."

"तोच. आणि कारणही तेच. आईबाप लांब कामाला, पोरगं दिवसभर बाहेर, खिशात थोडे पैसे, पोट लवकर भरायला हवं. सोवेटोतल्या पोराला शिस्त नाही असं मी म्हणणार नाही. पण दक्षिण आफ्रिकेनं एक केलं. २०१८ च्या एप्रिलपासून गोड पेयांवर कर लावला, तोही साखरेच्या ग्रॅमवर. शंभर मिलीत चार ग्रॅमच्या वर साखर गेली की पुढच्या प्रत्येक ग्रॅमला पैसे."

"कर लावून पोरं सुधारतात होय?"

"पोरं नाही, कंपन्या सुधारल्या. कर वाचवायला त्यांनी बाटलीतली साखर कमी केली. पोरगं तीच बाटली पितं, साखर कमी जाते. आपल्याकडं कोल्ड्रिंकवर ४० टक्के जीएसटी आहे, पण साखरेच्या बाटलीला तेवढाच आणि बिनसाखरेच्याला तेवढाच. मग कंपनीनं साखर कशाला कमी करायची?"

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. म्हणून ते भिंतीपलीकडे गेले. मला ते येणार हे माहीत होतं.

"ते सगळं राहू दे. एनडीएतल्या पोरांना कर लागतो? मोबाइल काढून घेतला, पहाटे उठवलं, पळवलं, झालं. तीन वर्षांत माणूस. २०२२ पासून पोरी आल्या, २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या सतराजणी पास होऊन गेल्या. त्याच वयाच्या. शिस्त, बाकी काही नाही."

"मामा, त्यांना जेवायला कोण वाढतं?"

"मेस आहे."

"किती वाजता?"

"ठरलेल्या वेळेला. तिथं घड्याळ चुकत नाही." आणि मग मास्तरांच्या अभिमानानं मामांनी भर घातली, "दोन हजारांवर पोरं एका वेळी जेवतात. मोठा हॉल आहे."

"म्हणजे पळण्याआधी काय, पळून आल्यावर काय, दुपारी काय, रात्री किती वाजता, हे सगळं सरकारनं ठरवलंय. शिजवायला माणसं नेमली आहेत. अंडं-दूध मोजून येतं. पोरानं फक्त वेळेवर ताटावर बसायचं. तुम्ही ज्याला शिस्त म्हणता त्यातला निम्मा भाग स्वयंपाकघर आहे. आमच्या नववीतल्या मुलीला सकाळी सव्वासहाला कोण वाढणार? आई पाचला उठून पाणी भरते. तिला आणखी शिस्त लावू?"

मला विचाराल तर सगळ्या भांडणातला हाच मुद्दा टिकणारा आहे. पोरांच्या सवयी म्हणून आपण ज्यांना नावं ठेवतो त्यांतल्या बऱ्याचशा पोरांच्या नसतातच. शाळेची घंटा, बसची वेळ, आईची पाळी, क्लासचा तास यांत उरलेल्या फटींत पोरगं खातं. राज्य सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायच्या नाहीत, कारण पोरांची झोप होत नाही. पाचवीत गेल्यावर झोपेची गरज संपते, असा त्या निर्णयाचा अर्थ निघतो. प्रत्यक्षात झोप तेराव्या-चौदाव्या वर्षी आपोआप उशिरा सरकते आणि नेमकी त्याच वयाला सातची घंटा असते.

पण मामा मैदानाबद्दल पुढं जे बोलले ते ताईनंही खोडलं नाही. २०२१ च्या जूनअखेर खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही गावं महापालिकेत गेली. गावाचं मोकळं रान कागदावर प्लॉट झालं, प्लॉटवर टॉवर आले. टॉवरमध्ये क्लब हाउस असतं, आत पळायचं यंत्र असतं आणि सोळा वर्षांखालच्यांना तिथं जायची बंदी असते. गावठाणातल्या पोरांना तर तेही नाही. मामा सराव घेतात तो कालव्याच्या रस्त्यावर, टँकर चुकवत.

"मला दोन एकर सपाट जमीन दे," मामा म्हणाले, "तुझ्या त्या साठ किलोच्या पोरीला मी सहा महिन्यांत पळवून दाखवतो."

"वजन उतरेलच असं नाही."

"नाही उतरलं तर नाही! दम येईल. रात्री अकराला डोळे मिटतील. तू मोज तुझी साखर, कमी भरेल."

"भरेल," ताई म्हणाली. "मान्य. चरबी तेवढीच राहिली तरी पळणाऱ्याचं मांस साखर ओढून घेतं. पण पोरी येतात का तुमच्याकडं?"

मामांनी खरं सांगितलं. भरतीच्या येतात, अठराच्या पुढच्या. तेरा-चौदाच्या येत नाहीत. सातवीपर्यंत कबड्डीत पुढं असलेली पोरगी आठवीत गायब होते. कपड्यांचं कारण सांगतात, अंधाराचं सांगतात, अभ्यासाचं सांगतात. मैदानाजवळ बाथरूम नाही हे कुणी सांगत नाही. ताई म्हणाली की याच वयात काहीजणी रात्रीचं जेवण सोडतात, जाड होईन म्हणून, आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या शेवटी बसतात. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे, त्याची सुरुवात इथून होते.

याज्ञिक डॉक्टरांच्या त्याच सहा गावांत, पुढे २०१२ मध्ये, वयात आलेल्या मुलामुलींना ब-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या, हे ताईनं जाता जाता सांगितलं. मुलींना लग्नाआधीच का, तर बाळाची ठेवण पोटात पहिल्या काही आठवड्यांतच पडते, आणि गरोदरपण कळेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. मुलग्यांनाही दिल्या, बापाकडूनही काही येतंच. म्हणजे चौदा वर्षांच्या पोरीचा गार डबा हा तिच्या पोराच्या साखरेचाही प्रश्न आहे. मामांना हे फार लांबचं वाटलं. मलाही तिथं थोडं दमल्यासारखं झालं.

शेवटी गाडी खिचडीवर आली. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचं शिजवलेलं जेवण मिळतं. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि वीस ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे. नववीला ताट बंद. भूक सगळ्यात जास्त लागते ते वय नेमकं तिथून सुरू होतं.

"दहावीपर्यंत द्यायला हवं," ताई म्हणाली, "आणि सातच्या शाळेत साडेसातला द्यायला हवं."

"पैसे? २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं, २०२५ च्या जानेवारीत सांगितलं, सरकार त्याचे पैसे देणार नाही, लोकवर्गणीतून करा. आठवीपर्यंतच्या पोरांचं एक अंडं टिकत नाही आणि तू दहावीचं ताट मागतेस."

"मग नववीतल्या पोरीनं काय करायचं?"

"माझ्याकडं पाठव. दोघींनाही, बारकीला आणि जाडीला. सकाळी पावणेसहाला. शेंगदाणे-गूळ मी ठेवतो, उपाशी पळवणार नाही, झालं समाधान?"

"पावणेसहाला तुमच्याकडं, तर सव्वासहाची बस कशी पकडायची?"

"मग संध्याकाळी."

"चार ते सात क्लास आहे."

"रविवारी?"

"रविवारी त्यातली एक चौपाटीवर प्लेटा देते, मामा."